खोटी गादी शिवणारी विभाताई

विभाताईले मी पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा ती आडवी होती.

आर्वीत आमचं गादीचं दुकान. रुई पिंजाची, खोळीत भराची, दाभणानं टाके घालाचे, हेच काम मी अन् माझी बायको सुमन जन्मभर करत आलो. त्या दिवशी मी आत मशीनवर होतो. बाहेर आलो तर दुकानासमोरच्या फळीवर, विकाले मांडलेल्या गादीवर, एक बाई उताणी पडलेली. चपला खाली जोडीनं ठेवलेल्या. डेपोतून येस्टी निघून राह्यली, लोक वाकून पाहून राह्यले, अन् हिचे डोळे मिटलेले. मी सुमनले आवाज देल्ला, "पाणी आण वं, कोण्या बाईले चक्कर आली."

"चक्कर नाही आली, काकाजी," बाई डोळे न उघडता म्हणे. "झोपून पाहते आहे."

अन् तिले शिंक आली. शिंक म्हणजे सुतळी बॉम्ब. झाडाखालचं कुत्रं उठून पळालं. रुईची धूळ नाकात गेली का तिचं असंच होये, तरी ती बाई आमच्या दुकानात पुढं दोन वर्षं येत राह्यली. एक हात नाकावर, दुसऱ्या हातात रुई.

मी सातवी शिकलो. लिहिणं माझं काम नाई. पण दुकानात येणारा कोणीबी विचारते, काकाजी, ह्या गादीले पट्टा लावाचं, नाडी लावाचं डोकं कोणाचं? सांगून सांगून तोंड दुखलं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ती आली होती बापाची गादी पिंजून घ्याले. बाप वर्ध्याजवळ सिंदी मेघेले राहत होता. लकवा मारला, वाचा गेली, एक हात तेवढा चालत होता. ही एकुलती एक लेक. पुण्याले मोठ्या कामावर होती, ते सोडून बापाजवळ येऊन राह्यली. वर्ध्यात काय गादीवाले नाईत? पण ती गादी तिच्या मायनं आंदणात नेलेली, माझ्या बापाच्या हातची. म्हणून ती एवढ्या दूर आर्वीले आणली. चाळिशी उलटलेली, केस आखूड, कानामागं शिंप्याच्या खडूचा तुकडा. तो खडू मी तिच्या कानामागून कधी हललेला पाह्यला नाई.

मी भाव सांगाले तोंड उघडलं, तर तिचा उलटा सवाल. "काकाजी, तुमची शेवटची गादी कोणी नेली?"

"गिऱ्हाइकानं नेली. कोण नेणार?"

"कशी नेली?"

"डोक्यावर."

"डोक्यावर? खरंच?"

मी आठवलं. "नाई. ऑटोत."

"मग आधी डोक्यावर काऊन म्हणलं?"

मले राग आला. "बाई, तुमाले गादी पिंजाची आहे का पोलिसातून आल्या?"

आतून सुमन हसली. सुमन दुकानात हसली असं लय दिवसानं झालं होतं.

कारण सांगतो. धंदा बसला होता. लग्नात आता लोक स्पंजची गादी देते, पलंगासंगच येते. रुईची कोण घेते? पोरगा नागपूरले असते, तो दर रविवारी फोन करे, "बाबा, दिवाळीले शटर पाडा. मोबाईलवाला जागा मागून राह्यला. तुम्ही दोघं इकडं या." मी तयार होतो. सुमन नव्हती. ती म्हणे, "मी नागपूरले जाऊन काय करू? तिसऱ्या माळ्यावरून रस्ता पाहू?" तिचा जीव त्या दुकानात होता. मशीन माझी, पण टाके तिचे. दुकान बंद झालं असतं तर ती उभ्या उभ्या वाळली असती, हे मले दिसत होतं. चालवाचं कसं, ते दिसत नव्हतं.

विभाताई बापाची गादी न्याले परत आली तेव्हा सुमननं तिले हे सगळं सांगून टाकलं. बायकांच्या पोटात राहत नाई. मी विचारलं, "तुम्ही पुण्याले काय करत होत्या जी?"

"कंपन्यांना पुढं काय करायचं ते ठरवायला मदत करायची."

"त्याइले समजत नाई?"

"समजतं. पण ते खुर्चीत बसून ठरवतात. मी त्यांना खुर्चीतून उठवायची. ज्याच्यासाठी माल करता त्याच्या घरी चला, म्हणायची. तिथं गप्प बसून पाहायचं. मग कच्चं काहीतरी बनवून त्याच्या हातात द्यायचं, परत पाहायचं. असं करता करता कळतं, आपण काय करायचं. अन् त्याच्याहून मोठं, काय करायचं नाही."

"अन् याचे पैसे भेटते?"

"लय भेटते जी."

सुमन म्हणे, "पाहा. तुम्ही उगाच रुई पिंजली."

बोलताना तिची जीभ अशीच दोन घरी राहे. कामाचं बोलली का पुण्याची, हसली नाईतर चिडली का आमच्या वर्ध्याची. त्यावरून मले तिचा पारा समजे.

सुमननं तिले चहा देल्ला. बशीत ओतला, अन् विसरून गेली. हेबी तिचं कायमचं. तिनं गरम चहा पेलेला मी पाह्यला नाई. साय धरली का मग आठवण येये, अन् साय बोटानं काढून कुत्र्याले. त्या पळालेल्या कुत्र्यानं तिच्या शिंकेची माफी ह्या साईवर केली.

बापाजवळ एक मावशी ठेवली होती. मावशी दिवसभर बसणार त्या दिवशी ही सकाळच्या गाडीनं आर्वीले. पहिलं काम काय केलं तर भर दुपारी माझं शटर खाली ओढलं अन् त्यावर सुमनच्या खडूनं चित्र काढाले बसली. एक बाई घरून निघते, येस्टीत बसते, उतरते, कुठंतरी झोपते, घरी येते. प्रत्येक ठिकाणी एक सवाल, इथं तिचं अंथरूण कुठं आहे? आम्ही तिघं भर बाजारात बंद शटरसमोर उकिडवे बसलो. येणारा जाणारा विचारे, "बंद केलं काय जी शेवटी?" समोरचा कटलरीवाला तर हार घेऊन याचा बाकी होता.

मी म्हणलं, "ताई, असा धंदा वाढते का? आहे ते गिऱ्हाईक तुम्ही पळवून लावलं."

"कोणतं गिऱ्हाईक?" तिनं रस्त्याकडे पाह्यलं. "दाखवा."

दाखवाले कुत्रं तेवढं होतं.

मग आम्ही डेपोत जाऊन बसलो. कोणाच्या हातात अंथरूण आहे ते पाहाचं, बाकी काही नाई. लग्नाचे लोक मोकळ्या हातानं. कॉलेजचे पोरं मोबाईल पाहत. अंथरूण होतं ते सावंगीच्या दवाखान्यात जाणाऱ्याइच्या डोक्यावर. चादर, सतरंजी, फाटकी गोधडी, सगळं एका बोचक्यात. सुमनले ते पहिले दिसलं. विभाताईनं तिच्या पाठीवर अशी थाप मारली का सुमन खोकली.

त्याच गाडीनं आम्ही सावंगीले गेलो. मोठा दवाखाना. पेशंटले पलंग भेटते, त्याच्या माणसाले फरशी. मले वाटलं विचाराव त्याइले, गादी पाहिजे का बापा. विभाताईनं माझा सदरा मागून ओढला. "विकायचं नाही. विचारायचंबी नाही. पाहिजे का म्हटलं की माणूस हो म्हणतो, तुमचं मन राखायला. तोंडाकडे पाहू नका. हाताकडे पाहा."

म्हणून हाताकडे पाह्यलं. कारंज्याकडच्या जंगलातली एक गोंड बुढी होती, फुलाबाई. तिचा पोरगा आत भरती होता. सुनेसंग ती तिच्या बोलीत बोले, आमच्यासंग मराठीत. सकाळी फरशी पुसाले येते, तेव्हा सगळ्याइले अंथरूण उचला लागते. फरशी पुसणारच, त्याइचंबी काम आहे. फुलाबाईचं बोचकं मग दिवसभर तिच्या मांडीवर. पाणी आणाले गेली तरी काखेत. पेशंटच्या एक्स-रे फोटोचा मोठा लिफाफा सतरंजीच्या घडीत. रबरी चटई एकाजवळ होती, तो घामानं भिजून उठला अन् ती गुंडाळून भिंतीले टेकून उभा राह्यला, कारण बसाले तिच्यावर जमत नाई.

विभाताई फुलाबाईजवळ जाऊन बसली. तिचा एकच सवाल राहे, तो ती सगळ्याइले विचारे. "मग काय केलं?"

"बोचकं चोरीले गेलं एक वेळा," फुलाबाई म्हणे.

"मग काय केलं?"

"मग लुगडं आंथरलं."

"मग?"

"मग थंडी वाजली. मग उठून बसली. तू पोलीस होय का वं?"

मी म्हणलं, "मीबी हेच इचारलं होतं बाई."

दुकानात परत आलो तेव्हा विभाताईनं आमचा सगळा माल जमिनीवर मांडाले लावला. लोड, तक्के, पाळण्याची गादी, गाडीची सीट, लग्नाची जोडगादी. मधात खडूची रेघ. म्हणे, "हे सगळं करत राहिलात तर जुन्याच रस्त्यानं जाल. पुढं काय करणार नाही, ते रेघेच्या पलीकडे ठेवा. मी हात लावणार नाही."

लोड गेले. सीट गेली. पाळण्याची गेली तेव्हा जीव थोडा हलला. पण लग्नाची जोडगादी मी नाई उचलली. लाल साटीन, कडेले फुलाचे टाके. माझ्या बापाचं नाव त्या गादीवर झालं होतं. मी सरळ म्हणलं, "हे नाई होणार. तुमचं शिकलेलं तुमच्यापाशी ठेवा."

विभाताईनं हात पाठीमागं बांधले. शिंक आली तीबी दाबली.

सुमन उठली. ते फुलाचे टाके तिच्याच हातचे. तिनं जोडगादी दोन्ही हातानं उचलली, छातीशी धरली, रेघेच्या पलीकडे ठेवली, अन् हात झटकले. "कोणी नेत नाई आता," ती म्हणे. "फळीवर पडून धूळ खाते. मले रोज झटका लागते."

मग खोट्या गाद्या सुरू झाल्या. हा विभाताईचा शब्द. खरी गादी शिवाच्या आधी खोटी शिवाची. जुन्या पेपरात कडबा भरून, फाटक्या लुगड्यात पेपर भरून, एक तर सिमेंटच्या पोत्याची. त्यावर ती स्वतः झोपे, मले झोपवे, त्या कटलरीवाल्यालेबी झोपवलं. मोडली का टाळी वाजवे. "बरं झालं. सस्त्यात मोडली." शिकलेली बाई पेपराच्या गादीवर लोळून राह्यली, हे पाह्याले बाजार जमे. सुमन तिले खळ करून दे, मैद्याची. दोघी लेकरासारख्या चिकटवाचिकटवी करत.

पहिल्या खऱ्या गाद्या तयार झाल्या तेव्हा आमची जी फजिती झाली ती सांगतो. गादी पातळ, एका माणसापुरती. खोळ पांढऱ्या मांजरपाटाची. मी ती बांधली जशी गादीवाले बांधते, लांब गुंडाळी करून, तीन ठिकाणी सुतळी आवळून. बापानं तशी बांधली, मी तशी बांधली, डोकं कशाले चालवाचं? सावंगीले उतरलो. गुंडाळी लांब, म्हणून पुढं माझा खांदा, मागं विभाताईचा. सर्वात पुढं सुमन, हातात आमच्या जेवणाचा डबा फडक्यात बांधून लटकवलेला.

फाटकातून आत गेलो तर लोक बाजूले झाले. मले बरं वाटलं, म्हणलं रस्ता देते. एका बाईनं पदर तोंडाले लावला. एकानं टोपी काढली. अन् पायरीवर बसलेला एक बुढा उठून हात जोडून मले विचारते, हळू आवाजात, "कोणाचं होय जी? लेकरू का मोठं?"

मले काही समजलंच नाई. "कोणाचं म्हणजे? गादी होय बाबा."

अन् मग समजलं. पांढरं कापड, तीन बांध, दोन खांदे, अन् पुढं मडकं धरल्यासारखी सुमन.

गुंडाळी तिथंच खाली ठेवली. विभाताईचं तोंड मांजरपाटासारखं झालं. मले वाटलं आता म्हणणार, सस्त्यात मोडली. तिनं तसं म्हणलं असतं तर मी तिले तिथंच सोडून आर्वीची गाडी धरली असती. पण ती त्या बुढ्याजवळ जाऊन बसली. त्याची बुढी आत होती, ऑपरेशन सुरू होतं. आमाले पाहून त्याच्या काळजात काय झालं असन ते त्यालेच माहीत. विभाताईनं त्याले पाणी देल्लं. आतून निरोप येईपर्यंत उठली नाई. बुढी बरी आहे म्हणून निरोप आला, तेव्हा त्यानंच हिले विचारलं, "पोरी, काय विकाले आणलं तुम्ही?"

वापस येताना गाडीत ती म्हणे, "काकाजी, मोडाले पाहिजे ते आपल्या घरी. दुसऱ्याच्या काळजात नाई." पूर्ण वर्ध्याच्या बोलीत म्हणे. म्हणजे स्वतःवरच चिडली होती.

त्यानंतर तिनं नियम केला. नवीन काहीबी पहिले तिघांनी वापराचं, तेबी बाजारातून चालून दाखवाचं.

गुंडाळी सोडाचं सुमनच्या डोक्यात आलं. लुगड्याच्या चौकडीचं कापड घेतलं, हिरवं-तांबडं, अन् गादीले मधात टाके सोडून तिहेरी घडी पाडली. घडी केली का बसाले पाट होते. खांद्याले पट्टा, दप्तरासारखा. आत एक खिसा, लिफाफा ठेवाले. तो खिसा शिवताना सुमन म्हणे, "चोराले उचलाची तर झोपलेल्या माणसासकट उचला लागन."

फाटकासमोरच्या चहावाल्याकडे ठेवल्या. गेल्या. परत ठेवल्या, परत गेल्या. पोराले मी फोनवर सांगतलं, दिवाळीचं पुढच्या दिवाळीले पाहू.

पण खरी गाठ पुढं होती. कोणाचा माणूस दवाखान्यातच गेला का घरचे गादी तिथंच सोडून जाये. चहावाल्याकडे ढीग झाला. मी म्हणलं, जाळून टाका. मेलेल्याच्या घरची गादी कोणी घेत नाई, आमच्या धंद्यात बापजाद्यापासून हे आहे. गेलेल्या माणसाची गादी आम्ही पिंजाले घेतच नाई. विभाताई म्हणे, खोळ धुवू, रुई पिंजू, परत देऊ. लय भांडलो. सुमन मधात दाभण घेऊन बसली, कोणाच्याच बाजूनं नाई.

शेवटी विभाताई म्हणे, "भांडून कळणार नाही. पाहू. पण लपवायचं नाही." धुतलेली, नवीन पिंजलेली गादी ठेवली अन् चहावाल्याले सांगून ठेवलं, घेणाऱ्याले खरं सांगाचं, ही गादी ज्याइची होती त्याइचा माणूस वाचला नाई. आम्ही पलीकडे बसलो. एकानं हातात घेतली, ऐकलं, ठेवली. दुसऱ्यानं तर हात धुतले. मी विभाताईकडे पाह्यलं. पाहा म्हणलं.

मग फुलाबाई आली. तिच्या पोराले परत भरती केलं होतं. तिनं ऐकलं, गादी उलटीपालटी केली, रुई दाबून पाह्यली.

चहावाला म्हणे, "बाई, समजलं ना? मेलेल्याच्या घरची होय."

"मेलेला तर पलंगावर होता ना रे," फुलाबाई म्हणे. "ह्याच्यावर त्याच्यासाठी जागणारा झोपला. जागणाऱ्याची गादी होय हे. मलेबी जागाचंच आहे." अन् पट्टा खांद्यावर टाकून गेली.

विभाताईच्या डोळ्यात पाणी आलं का रुईची धूळ होती, मले माहीत नाई. ती माझ्याकडे पाहून म्हणे, "हे आपल्या दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं." दुकानाचा रस्ता तिथं वळला. तेव्हापासून आम्ही नुसती गादी विकत नाई. गादी परत घेतो, पिंजतो, परत देतो. जागणाऱ्याची गादी जागणाऱ्याले. चहावाला तिले त्याच नावानं विकते.

दुसऱ्या वर्षी सुमनच भरती झाली.

त्याचं जास्त लिहीत नाई. ती पलंगावर, मी खाली, आमच्याच गादीवर. पाठीले लागत नाई, एवढं मी सांगू शकतो. पण मशीनच्या आवाजानं माझे कान मंद झालेले, अन् तिचा आवाज बसलेला. तिनं हाक मारली तर मले ऐकू येये नाई. फरशीवरून तिच्या हातापर्यंत हात पोहोचे नाई. सुमननं माझ्या पिशवीतून सुतळी काढाले लावली. एक टोक माझ्या मनगटाले, एक तिच्या बोटाले. लागलं का ओढे. पाणी पाहिजे, एकदा. पाय दाबा, दोनदा. कधी कधी उगाचच ओढे. मी उठून विचारलं, "काय वं?" तर म्हणे, "काही नाई. पाह्यलं, तुम्ही आहे का."

विभाताई भेटाले आली, सकाळी. मी तोंड धुवून आलो होतो. तब्येत कशी, डॉक्टर काय म्हणते, काहीच नाई विचारलं. माझ्या मनगटाकडे पाह्यलं. सुतळीचा लाल वळ होता. मग सुमनच्या बोटाकडे पाह्यलं.

"मग काय केलं?" तिनं सुमनले विचारलं.

सुमन हसली. "ओढलं. दुसरं काय करणार? बहिरा आहे."

हे दोघींचं शेवटचं बोलणं.

सुमन गेली. मी शटर पाडलं. पोरगा आला, म्हणे आता तरी चला. मी हो म्हणलं. मोबाईलवाल्याले बोलावणं गेलं. शटरवर विभाताईचं खडूचं चित्र अजून पुसट दिसत होतं. घरून निघालेली बाई घरी पोहोचते, तेवढं.

सुतक होतं, घरात मी जमिनीवर चटईवर बसत होतो. विभाताई आली, समोर बसली. लोक येऊन म्हणते, मोठी पुण्यवान होती, सोन्यासारखी गेली. लोक उठून गेले तरी ही बसून राह्यली. मग तिनं कोपऱ्यातले पेपर ओढले, झोळीतून जुनं लुगडं काढलं अन् खोटी गादी कराले लागली. तिच्या एका कोपऱ्याले तिनं कापडाची लांब मऊ नाडी लावली, टोकाले फास मनगटाएवढा.

मले समजलं. तोंडात जे आलं ते मी बोललो. "माझ्या बायकोच्या मरणाचा धंदा करून राह्यल्या तुम्ही?"

तिचे हात थांबले. "नाई करत. तुम्ही नको म्हणाल तर ही नाडी कोणत्याच गादीले लागणार नाई."

"नको," मी म्हणलं.

"बरं," ती म्हणे. उठली. दारात चपला घालताना शिंक आली तिले, अन् सुमन नव्हती हसाले.

खोटी गादी मात्र तिथंच राह्यली. फेकाव म्हणून उचलली, फेकली नाई. दुपारी घरात कोणी नसताना मी तिच्यावर आडवा झालो. पेपर कुरकुर वाजे. मनगटात फास घातला. मऊ होता, वळ उठला नसता. दुसरं टोक हातानं चाचपडलं. तिकडं कोणी नव्हतं.

माझ्या टोकाले नव्हतं. सावंगीच्या फरशीवर जो कोणी आता पडला असन, त्याच्या टोकाले अजून आहे. हे एवढं माझ्या डोक्यात शिराले चार दिवस लागले. डोकं जाडच आहे. सुमन म्हणतच होती.

मी मोबाईलवाल्याले परत पाठवलं. पोरगा रागावला, गेला. शटर वर केलं. पहिली गादी मी एकट्यानं शिवली, टाकेबी माझे, वाकडे. कोपऱ्याले नाडी लावली. अन् गादी खांद्यावर टाकून सिंदी मेघेची गाडी धरली. पहिली तिलेच द्याची होती, अन् सांगाचं होतं, नाडी लावली म्हणून.

पुढं तिचा बाप गेला, घर बंद झालं, ती पुण्याकडे गेली. फोन येते, फोनवर शिंकबी ऐकू येते. पण डोळ्यानं मी तिले पाह्यलं ते त्या दुपारी, शेवटचं.

दार लोटलेलं होतं. मावशी दिसली नाई. आवाज देणार तेवढ्यात आत नजर गेली. बाप पलंगावर, डोळे उघडे. खाली फरशीवर विभाताई, तिच्या मायच्या आंदणाच्या गादीवर, माझ्या बापाच्या टाक्यांवर. झोपून पाहत नव्हती, खरंच झोपली होती. तोंड उघडं, खडू कानामागं, बाजूले बशीत साय धरलेला चहा. तिच्या मनगटाले सुतळी बांधली होती. साधी, खरखरीत सुतळी. दुसरं टोक बापाच्या त्या एका चालत्या हातात.

नाडीचा फास ती माझ्यासाठी शिवत होती अन् स्वतः सुतळीवरच होती. मी नको म्हणलं होतं ना.

बाप माझ्याकडे पाहत होता. मी नवी गादी दाराच्या आत हळूच ठेवली, नाडी वर दिसन अशी. वाकून त्याइले म्हणलं, "बाबूजी, उठवू नका तिले. उठली का सांगजा, शटर उघडलं म्हणा."

कोणाले सांगून राह्यलो, ते मागून ध्यानात आलं. वाचा गेलेला माणूस तो.

त्यानं एकदा सुतळी ओढली. हळू. पाणी मागाची ओढ नव्हती ती. ही ओढ मले माहीत आहे.

विभाताईचा हात झोपेतच थोडा वर आला, "मी आहे" सांगाले, अन् परत खाली गेला. मी दार लोटून घेतलं.